आमचं तीन किलोवॅटचं साम्राज्य

कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट. आमच्या गच्चीची ३ किलोवॅट. म्हणजे माझ्यासारखे साडेसहा लाख गृहस्थ एकत्र आले की एक कोयना उभी राहते. (भर दुपारी, आणि ढग नसले तर.) हा हिशेब मी पॅनेल बसली त्याच संध्याकाळी करून ठेवला. तेव्हापासून ‘सध्या काय करता?’ असं कोणी विचारलं की ‘बँकेतून निवृत्त’ म्हणत नाही. ‘वीजनिर्मितीत आहे’ म्हणतो.

मोबाइलवर ॲप आहे. गच्चीवर किती युनिट तयार झाली ते त्यात दिसतं, आणि ते मी घरच्या ग्रुपवर रोज टाकतो. ‘आज बारा युनिट!’ पुण्याची मेहुणी सुरुवातीला अंगठा पाठवायची, आता तेही बंद झालं. ढग आला की मला तो वैयक्तिक अपमान वाटतो. शेजारच्या नारळाची सावली दुपारी तीननंतर कडेच्या पॅनेलवर सरकते. एकावर सावली पडली की त्याच माळेतल्या बाकीच्यांनाही फटका बसतो. पण बोलायची सोय नाही, कारण त्याच झाडाचं खोबरं रोज आमच्या चटणीत असतं.

आमच्या बंगळूरला वीज लांबून आणायची जुनी सवय. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार झालेली वीज आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली आणि १९०५ मध्ये बंगळुरात आली. आजही लांबूनच: पावगडच्या सोलार पार्कची क्षमता दोन हजार मेगावॅटच्या वर आहे. माझ्या गच्चीवर वीज पिकते आणि जिना उतरून मिक्सरमध्ये जाते, यात मला म्हणूनच क्रांती दिसत होती.

समोरच्या घरातल्या आंटींना मात्र त्यात काहीच दिसलं नाही. २०२३ पासून कर्नाटकात गृहज्योती योजना आहे: २०२२-२३ च्या सरासरीवर दहा टक्के, कमाल २०० युनिटपर्यंत वीज फुकट. आंटींचं बिल शून्य, आणि गच्चीवर उन्हात पापड. केंद्राच्या सूर्यघर योजनेतून मला ७८ हजारांचं अनुदान मिळालं, तरीही शून्यापर्यंत पोहोचायला खिशातले लाखावर रुपये गेले. आंटींना एक अर्ज पुरला.

यावर चिडायचा माझा बेत होता, पण तो मागच्या खोलीतल्या भाडेकरूंमुळे फसला. फुकट युनिट त्या नवराबायकोला मिळतात. सूर्यघर मिळत नाही, कारण त्याची पहिली अट स्वतःचं घर आणि वर गच्ची. त्यांच्या खोलीवरची गच्ची माझी, पॅनेल माझी, अनुदान माझं. उन्हात वाळणारे कपडे तेवढे त्यांचे, आणि तेही पॅनेलवर सावली पडते म्हणून मी हलवायला लावले होते. हे लिहिताना बरं वाटत नाही.

विकेंद्रित ऊर्जेबद्दल बोलायचंच तर मी बनशंकरी अम्मांच्या देवळात न्यायला तयार आहे. कनकपुरा रोडवर, १९१५ सालचं. बाकी देव राहुकाळ टाळतात, इथे पूजाच राहुकाळात. मंगळवारी, शुक्रवारी, रविवारी बायका येतात. लिंबू कापायचं, रस पिळून काढायचा, साल उलटी करायची, त्या वाटीत तूप आणि वात. झाला दिवा. इंधन स्वतःचं, उपकरण स्वतःचं, मीटर नाही, अर्ज नाही, तपासणीला कोणी येत नाही. बदामीची बनशंकरी आमच्या हिच्या माहेरची कुलदेवता, त्यामुळे आमच्या घरी शुक्रवारी चित्रान्न (लिंबाचा भात) ठरलेलं. रस कुठेतरी संपवायला हवाच. शिवाय शुक्रवारचा राहुकाळ साडेदहा ते बारा, म्हणजे माझ्या पॅनेलची सगळ्यात शुभ वेळ. मी ॲप उघडून बसतो, ही लिंबं घेऊन निघते. एकदा मी तिला लिंबाच्या दिव्याची कार्यक्षमता समजावायला गेलो. ती म्हणाली, ‘‘माझ्या दिव्याचा करंट जात नाही.’’

करंट जाण्याची जखम तेव्हा ताजी होती. मे महिन्यात रात्री वादळ झालं, रस्त्यावरची फांदी तारेवर पडली. सकाळी लख्ख ऊन, पॅनेल पावसाने धुऊन निघालेली, आणि घरात पंखा बंद. ॲपमध्ये शून्य. आंटी फाटकातून म्हणाल्या, ‘‘सोलार इद्रू करंट इल्वा सार?’’ सोलार असूनही करंट नाही? एवढं कानडी मला कळतं.

बॅटरी नसलेल्या सोलारचं हे असंच असतं. इन्व्हर्टर बाहेरच्या लाइनचा ताल धरून चालतो. लाइन गेली की तो स्वतःहून बंद होतो, आणि नियमच तसा आहे. वेगळी चूल मांडायची, पण विस्तव मात्र आईच्याच चुलीतून आणायचा, असा हा संसार. दिवसा लाइनला द्यायचं, रात्री तिच्याकडून घ्यायचं, महिन्याअखेर वजाबाकी. स्वावलंबन ते हेच.

दुपारी लाइनमन आला. मी खाली उभा राहून कोयनेच्या अधिकाराने तक्रार केली: एवढं ऊन फुकट जातंय, हे काय तंत्रज्ञान? तो खांबावरून उतरला, हातमोजे काढले, पाणी प्यायला. मग म्हणाला, ‘‘सार, मेन बंद करून वर मी चढतो. तुमच्या गच्चीवरून तारेत करंट आला तर?’’ वय पंचविशीच्या आसपास असेल. दुसऱ्या तांब्यासाठी मी आत गेलो आणि तिथेच थोडा वेळ थांबलो. संध्याकाळी पंखा फिरला. त्या दिवशीचा आकडा मी ग्रुपवर टाकला नाही.

तुम्ही पॅनेल बसवणार असाल तर जरूर बसवा, बंगळुरात ऊन चांगलं आणि उकाडा बेताचा, पॅनेलना दोन्ही मानवतात. फक्त ठेकेदाराला आधीच विचारा, करंट गेल्यावर काय होणार. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतलीत तर तो लाइनशी संबंध तोडून घरातले दिवे चालू ठेवतो, पण खर्च बराच वाढतो. आणि गच्चीवरची एक दोरी भाडेकरूंच्या कपड्यांसाठी सोडा, उत्तरेच्या बाजूला. तिकडची सावली पॅनेलवर सहसा पडत नाही.