गळतीचं कोटेशन मागवलं आहे

दुर्लक्ष करावं तर अमेरिकेनं. आपलं दुर्लक्ष अगदीच गावठी. पाहायचं नाही, ऐकायचं नाही, कोणी फारच मागे लागलं तर 'बघतो' म्हणायचं आणि चहा मागवायचा. त्यांच्याकडे दुर्लक्षावर अभियंत्याची सही असते, सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल असतो, आणि तो संकेतस्थळावर टाकणं कायद्यानं बंधनकारक असतं.

विषय कोळशाच्या राखेचा आहे. वीज केंद्रात कोळसा जळला की राख उरते. ती पाण्यात कालवून तळ्यात सोडायची किंवा कोरडीच ढीग घालून ठेवायची, ही जगभरची पद्धत. तळाला अस्तर नसलं, आणि जुन्या तळ्यांना ते बहुधा नसतंच, की आर्सेनिक, लिथियम, मॉलिब्डेनम असली मंडळी पाझरत भूजलात उतरतात. टेनेसी राज्यात किंग्स्टनजवळ 22 डिसेंबर 2008 ला मध्यरात्रीनंतर असं एक तळं फुटलं आणि सुमारे 41 लाख घनमीटर राखेचा चिखल नदीत आणि घरांत शिरला. मग केंद्र सरकारनं राखेसाठी नियम केला. 2015 साली. राख थंड होऊ द्यावी लागते.

नियम वाचायला सुरेख आहे. राखेभोवती विहिरी खणा, पाणी तपासा. विष मर्यादेबाहेर गेलेलं दिसलं तर कोणकोणते उपाय करता येतील याचा विचार सुरू करा आणि 90 दिवसांत संपवा. फारच अडचण असेल तर आणखी 60 दिवस घ्या. इथवर कॅलेंडर आहे. त्यानंतर त्यातला एक उपाय निवडायचा, तो मात्र 'शक्य तितक्या लवकर'. इथे कॅलेंडर संपतं. निवड होईपर्यंत सहामाही अहवाल द्यायचा, तोही निवडीच्या प्रगतीचा. अनेक केंद्रांनी असे अहवाल वर्षानुवर्षं दिले. पाणी तेवढ्यात कुठवर पोचलं, हा वेगळा विषय.

सोसायटीच्या गच्चीची गळती आठवा. तीन कोटेशनं मागवायची, उपसमिती नेमायची, वार्षिक सभेत विषय पुढच्या बैठकीवर ढकलायचा, आणि तोवर वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी बादली लावायची. फरक इतकाच की अमेरिकेतल्या उपसमितीत फक्त बिल्डरच बसतो. राख ज्याची, सल्लागार त्याचा आणि निवडही त्याचीच. निवडीच्या किमान 30 दिवस आधी गावकऱ्यांची सभा घ्यावी लागते, पण सभेत ऐकून घ्यावं लागतं, मानावं लागत नाही.

उपाय टाळायचा सर्वांत सभ्य मार्ग म्हणजे ते विष आपलं नाहीच, हे दाखवून देणं. नियमात तशी सोय आहे. आर्सेनिक ना? ते इथल्या खडकातलंच असेल, पृथ्वी झाली तेव्हापासूनचं. सल्लागारांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत. दुसरी युक्ती मला जास्त आवडली. विहिरीची तुलना वरच्या अंगाच्या स्वच्छ विहिरीशी करायचीच नाही. तिच्याच आधीच्या पाण्याशी करायची. तळं चाळीस वर्षांपूर्वीचं आणि तपासणी परवाची असेल, तर आधीचं पाणीही तितकंच बिघडलेलं निघतं. वाढ काही नाही. विहीर पास.

तरीही निवडायची वेळ आलीच तर पर्याय भरपूर आहेत. राख उकरून अस्तर घातलेल्या कोरड्या जागी न्यावी. दूषित पाणी उपसून शुद्ध करावं. जमिनीत भिंत उतरवून त्याची वाट अडवावी. राखेवर झाकण घालावं. त्यानं वरचा पाऊस अडतो, पण खालून राखेत शिरलेलं भूजल झाकणाला जुमानत नाही. आणि या सगळ्यांत मालकांचा लाडका उपाय म्हणजे निसर्गावर सोपवून देखरेख करणं. सोप्या मराठीत, बघत बसणं.

हा उपाय मुळात खोटा नाही. पेट्रोल सांडलं तर मातीतले जिवाणू ते खाऊन संपवतात. आर्सेनिक कोण खाणार? ते मूलद्रव्य आहे, संपत नाही. मातीच्या कणांना चिकटतं, पाण्याचं रसायन बदललं की सुटतं. बोरॉन तर फारसं चिकटतही नाही, पाण्याबरोबर चालू लागतं. मग विहिरीतलं प्रमाण घटतं, कारण विष पुढच्या गावी पोचलेलं असतं. अहवालात याला सुधारणा म्हणतात. खुद्द अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं 2015 मध्ये लिहून ठेवलं आहे की विष नुसतं पसरून पातळ होणं हा मुख्य उपाय म्हणून सहसा योग्य नाही. लिहून ठेवण्यात तिथे कोणी कमी पडत नाही.

आता बादलीविषयी. उत्तर कॅरोलायनात फेब्रुवारी 2014 मध्ये ड्यूक एनर्जीच्या तळ्याखालचा जुना पाइप फुटला आणि सुमारे 39 हजार टन राख डॅन नदीत गेली. मग तळ्यांच्या आसपासच्या घरगुती विहिरी तपासल्या, आणि 2015 मध्ये शेकडो घरांना सरकारी पत्रं गेली, की हे पाणी पिऊ नका. कंपनीनं बाटलीबंद पाणी पुरवलं. मार्च 2016 मध्ये सरकारनं बऱ्याच घरांचा तो सल्ला मागे घेतला. पाणी बदललं नव्हतं, पत्र बदललं होतं. पुष्कळ कोर्टकचेऱ्या झाल्यावर, 2019 च्या शेवटच्या दिवशी, सहा केंद्रांतली बहुतेक राख, जवळजवळ 8 कोटी टन, उकरायचं ठरलं. शेजारच्या दक्षिण कॅरोलायनात कॉनवे इथे तळ्यांतली राख उकरून नेल्यावर भूजलातलं आर्सेनिक झपाट्यानं उतरलं होतं. उपाय सापडत नव्हता असं नाही. तो महाग होता.

हे सगळं पाहायला नागपूरहून एक अभ्यासदौरा निघावा, अशी माझी नम्र सूचना आहे. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे अनुभव दांडगा. नांदगावच्या तळ्यात राख सोडणं फेब्रुवारी 2022 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी येऊन थांबवलं, आणि त्याच वर्षी जुलैच्या पावसात खसाळ्याच्या तळ्याचा बांध फुटला. 31 डिसेंबर 2021 च्या आपल्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेचा सगळा जोर राख खपवण्यावर आहे. विटा करा, सिमेंट करा, रस्ते करा, बंद खाणी भरा, नाहीतर टनामागे हजार रुपये भरा. भूजलासाठी उपाय निवडण्याचा असा सहामाही सोहळा आपल्याकडे नाही. तो शिकून यावा.

दौऱ्यात ओहायोतलं चेशायर वगळू नये. तिथल्या गॅव्हिन केंद्राला राखेच्या तळ्यासाठी हवी असलेली मुदतवाढ पर्यावरण संस्थेनं 2022 मध्ये नाकारली, पण पाहण्यासारखं ते नव्हे. 2002 साली गावकरी त्या केंद्राच्या धुराबद्दल तक्रार करत होते. तेव्हाच्या मालक कंपनीनं सुमारे 2 कोटी डॉलर मोजले आणि जवळजवळ अख्खं गावच विकत घेतलं. वस्ती सव्वादोनशेच्या आतच होती. पैसे घेणाऱ्यांनी पुढे दावा लावणार नाही असं लिहून दिलं. बाटल्या नकोत, सभा नको, अहवाल नको. माणशी नव्वद हजार डॉलरच्या आसपास पडले. निघण्याआधी शिष्टमंडळानं खसाळ्याचा भाव तलाठ्याकडून काढून घ्यावा.