किल्लेदार बदलले, विहीर तीच

आंबागडासारख्या गावात राहून रोजच्या वापराचा ब्राउझर बदलायचा, हा माझा बेत ऐकून पारावरच्या एकाने गंभीरपणे विचारलं, "जुन्याले काय झालं जी?"

प्रश्न रास्त होता. जुन्याला काहीच झालेलं नव्हतं. तो धडधाकट होता, खाऊनपिऊन सुखी होता. फक्त त्याचं खाणं मी होतो. धानावरच्या तुडतुड्यांचं औषध शोधण्याचा गुन्हा माझ्याकडून एकदा घडला आणि त्या दिवसापासून फवारणीचे पंप हात धुऊन मागे लागले. बातमी वाचावी तर पंप, पंचांग पाहावं तर पंप. कोणाच्या निधनाची वार्ता उघडली तरी तिच्या डोक्यावर सवलतीतला पंप. तुडतुडे केव्हाच गेले, पंप राहिले.

म्हणून ठरवलं की आता स्वातंत्र्य घ्यायचं. बाजारात स्वातंत्र्याचा तुटवडा नव्हता. ब्रेव्ह होता, विवाल्डी होता, ऑपेरा होता, मायक्रोसॉफ्टचा एज होता. आपल्या झोहोचा उला होता. २०२५ मध्ये अवतरलेले, स्वतःच्या अकलेने चालणारे कॉमेट आणि अ‍ॅटलस होते. जो तो सांगत होता की बाकीचे तुमच्यावर नजर ठेवतात, आम्ही तेवढे तुमचे. इतक्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला हे भाषण पाठ असतं. तरी मत तर कोणाला तरी द्यावंच लागतं, म्हणून एक निवडला. त्याचं नाव सांगत नाही. कोणाची भीड आहे म्हणून नव्हे. कोणतंही नाव घातलं तरी पुढची हकीकत बदलणार नाही, म्हणून.

नव्याने आल्या आल्या नम्रपणे विचारलं, जुन्याकडचा पसारा इकडे आणू का? मी हो म्हटलं. क्षणात खुणा, पासवर्ड, सगळा संसार हजर. घर नवं, भांडी तीच. मग मेल बघायला मी जुन्याच खात्यात शिरलो आणि संध्याकाळपर्यंत पंपही पत्ता शोधत आले.

तरी खरी परीक्षा सरकारी असते. आमच्याकडे आधारभूत केंद्रावर धान द्यायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी, नोंदणीला सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक. या कागदांच्या मागे हिंडताना मी एका साइटच्या दारात पोचलो. साइटचं नाव नको, दारं सगळी सारखीच. तिने उंबऱ्यावरच हटकलं: 'आपला ब्राउझर चालणार नाही.' आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही साइट इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसते.

इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. दक्षिण कोरियात एका अभियंत्याने त्याची समाधीसुद्धा बांधली. दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला हा फार उपयोगी पडला, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर कोरला आहे. आमच्या साइटला मात्र हे कोणी कळवलेलं नाही. तिचं मयताला आमंत्रण आणि जिवंताला मज्जाव असं चालू आहे.

मराठी वाचकाला हा जाच नवा नाही म्हणा. युनिकोड रुळण्याआधी मराठी दैनिकांच्या साइटी आपापला फॉन्ट काखेत घेऊन यायच्या. एक्सप्लोररला एका जातीची फाइल लागे, नेटस्केपला दुसऱ्या. भलत्या ब्राउझरातून अग्रलेख उघडला की टिंबं, चौकोन आणि परग्रहावरच्या खुणा दिसत. संपादक खवळलेत की फॉन्ट, ते कळायला मार्ग नसे.

शेवटी लॅपटॉप घेऊन सेवा केंद्रात गेलो. तिथल्या पोराने एक नजर टाकून निदान केलं.

"काका, कायले एवढं डोकं लावता जी? क्रोम उघडा ना."

"अरे, हाही आतून क्रोमच आहे."

"मंग वरून बदलून काय फायदा जी?"

एवढं बोलून तो पुढच्याचा अंगठा घ्यायला वळला.

मुळात ही उंबऱ्यावरची विचारपूसच एक फार्स आहे. ब्राउझर कोणत्याही साइटकडे गेला की आधी आपली ओळख देणारी एक ओळ पाठवतो. आजचा क्रोम काय सांगतो? मी मोझिला, मी अ‍ॅपलवेबकिट, मी केएचटीएमएल, मी गेकोसारखा, मी क्रोम, मी सफारी. एका दमात इतकी नावं. कारण नव्वदच्या दशकात साइटी नाव विचारून चांगलं पान वाढू लागल्या. नेटस्केपला पंचपक्वान्न आणि बाकीच्यांना पिठलं, असा प्रकार. म्हणून एक्सप्लोररनेही 'मी मोझिला' म्हणायला सुरुवात केली. मग जो आला त्याने आधीच्यांची नावं मागे लावली. विवाल्डीने काही वर्षं आपलं नाव प्रामाणिकपणे सांगून पाहिलं. साइटी दार लावू लागल्या, तेव्हा २०१९ च्या अखेरीस त्यानेही 'मी क्रोम' म्हणायचं ठरवलं, आणि दारं उघडली. खरं नाव सांगितलं की अर्ज अडतो आणि खोटं सांगितलं की निघतो, हा अनुभव तहसीलच्या फेऱ्या मारलेल्या माणसाला नवा वाटणार नाही. संगणकाला तो आपण शिकवला.

पण नाव खोटं असलं तरी वंश खरा आहे, आणि तो समजायला आमच्या किल्ल्यावर यावं लागेल. देवगडचा राजा बख्त बुलंद शाह याच्या अमदानीत, १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणाने आंबागड बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. मग इंग्रज आले. किल्ल्यात एक विहीर होती. कैद्यांना तिचंच साचलेलं, विषारी पाणी प्यायला लावत, असं सांगतात. बुरुजावर झेंडा कोणाचा हा बाहेरच्यांचा विषय. आतल्या कैद्याला एकच गोष्ट विचारायची होती, पाणी कुठलं?

ब्राउझरच्या जगातल्या विहिरीचं नाव क्रोमियम. ऑपेराने आपलं इंजिन २०१३ मध्ये टाकून दिलं आणि तो या विहिरीवर आला. ज्या मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररच्या जोरावर नेटस्केपचं पाणी तोडलं, तीच कंपनी २०२० च्या जानेवारीत एजची घागर घेऊन याच रांगेत उभी राहिली. ब्रेव्ह इथलाच, विवाल्डी इथलाच, उला इथलाच. कॉमेट आणि अ‍ॅटलस म्हणजे उद्याचं जग; तेही इथलंच. विशेष म्हणजे ही विहीर मुळात स्वयंसेवकांनी खणली. केडीई नावाच्या मुक्त प्रकल्पातलं केएचटीएमएल अ‍ॅपलने उचलून वेबकिट केलं. वेबकिटातून गूगलने २०१३ मध्ये ब्लिंक वेगळं काढलं. आजही कोणीही येऊन पाणी भरावं, पैसा पडत नाही. फक्त मोट गूगलच्या हातात.

मोट कोणाच्या हातात आहे हे पाणी बदललं की कळतं. गूगलने एक्स्टेन्शनांचे नियम बदलले आणि २०२४-२५ मध्ये क्रोममधलं 'यूब्लॉक ओरिजिन' हे जाहिराती अडवणारं लोकप्रिय साधन जुन्या रूपात बंद पडलं. हे सुरक्षिततेसाठी केलं, असं सांगण्यात आलं. जाहिरातींवर जगणाऱ्या घराने जाहिराती अडवणाऱ्याला सुरक्षिततेसाठी बाहेर काढावं, यात ज्याला खोट दिसेल तो मनाचा कोता. बाकीच्या किल्लेदारांपैकी ब्रेव्हसारख्यांनी स्वतःचं गाळणं बसवलं आहे, ते खरंच कामाचंही आहे. पण गाळणं घरचं, पाणी तिथलंच. आयफोनवाल्यांनी हसू नये. भारतात त्यांच्या फोनवर ब्राउझर कोणत्याही नावाचा घ्या, आत अ‍ॅपलचं वेबकिटच असतं.

'मग स्वदेशी घ्या,' असं सांगणारे भेटतातच. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर घडवण्याची स्पर्धा जाहीर केली. एकूण बक्षिसं ३.४१ कोटींची. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला, झोहो पहिला आला, १ कोटी मिळाले. भारतीय प्रमाणन यंत्रणेचं मूळ प्रमाणपत्र ब्राउझरमध्ये अंगभूत हवं, ही त्यातली अट शहाणपणाची होती. आपल्या साइटींच्या खरेपणाची ग्वाही परदेशी संस्थांनी द्यावी, हे बरं दिसत नाही. पण इंजिनाचं काय? मायक्रोसॉफ्टने जिथे हात टेकले, तिथे ३.४१ कोटींत नवी विहीर कोण खणणार? तेवढ्या पैशांत आमच्या तुमसरला धानाची एक बरी गिरणी उभी राहील. तेव्हा घागर स्वदेशी झाली, यात समाधान मानावं.

उरला फायरफॉक्स. त्याची विहीर खरोखरच वेगळी, गेको नावाची, आणि मेन्यूही चक्क मराठीत मिळतात. मी उत्साहाने त्याच्याकडे वळलो आणि त्याचा जमाखर्च वाचला. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा येतो गूगलकडून, शोधाच्या पेटीत गूगल ठेवल्याबद्दल. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतले न्यायमूर्ती अमित मेहता यांनी गूगलने शोधाच्या धंद्यात बेकायदा मक्तेदारी केली, असा निर्णय दिला. मग उपाय काय, यावर सुनावणी झाली, तेव्हा मोझिलाने साक्ष दिली की हे पैसे बंद कराल तर आम्हीच बुडू. राजाविरुद्ध बंड करणारा दरबारात येऊन सांगतो आहे की राजाला तनखा देऊ द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये निकाल आला: क्रोम विकायची गरज नाही, तनख्यालाही सरसकट बंदी नाही. बंड सुखरूप आहे.

आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. अँड्रॉइड फोनवर क्रोमसकट आपली अ‍ॅपं आधीच बसवायला लावणं, हा आक्षेपांपैकी एक. दंडाचा आकडा ऐकून मी पारावर विचारलं, तुमच्या फोनमध्ये ब्राउझर कोणता? एकालाही सांगता आलं नाही. फोनसोबत जे आलं ते इंटरनेट. निवडीचं स्वातंत्र्य असतं ते माझ्यासारख्या रिकामटेकड्याला. ज्याचं धान उघड्यावर पडलं आहे आणि वर आभाळ भरून आलं आहे, त्याला नोंदणीची पावती हवी असते. ती ज्या खिडकीतून मिळेल तीच त्याची खिडकी.

या सगळ्यावर अकलेचे ब्राउझर हा नवा तोडगा. त्यांना सांगितलं की ते स्वतः पानं उघडतात, स्वतः अर्ज भरतात. मला हे फार आवडलं. सरकारी अर्ज माणसाने भरायचे, ही प्रथा तशी क्रूरच. पण अर्जाच्या शेवटी ओटीपी येतो, आणि ओटीपी यायला रेंज लागते. आमच्या डोंगराच्या कुशीत रेंज कुठे मिळते, हे अजून कोणत्याही बुद्धीला उमगलेलं नाही, नैसर्गिक किंवा कृत्रिम.

तर सध्या माझ्याकडे दोन ब्राउझर आहेत. स्वतंत्र विचार वाचायला फायरफॉक्स आणि सरकारशी बोलायला क्रोम. ब्राउझर बदलायला निघालेला बहुतेक माणूस शेवटी याच मुक्कामी पोचतो, आणि यात दोष ब्राउझरचा थोडा, दारात नाव विचारणाऱ्यांचा जास्त. साइट ठरलेल्या मानकांप्रमाणे बांधली तर आलेला कोण आहे, हे विचारावंच लागत नाही. हे सांगायला माझी गरज नाही. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत, वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये ती तपासून घ्यावीत, अशा मार्गदर्शक सूचना भारत सरकारने २००९ मध्येच काढल्या आहेत. २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्तीही आली. सगळ्या सूचना सरकारी साइटवर आहेत, कोणालाही वाचता येतील. उघडल्या नाहीत तर क्रोममध्ये उघडा.