कॉपी कशी करावी : नवशिक्षकांसाठी सुबोध मार्गदर्शिका

नेमणुकीचं पत्र मिळालं, सेवापुस्तिका उघडली, मस्टरवर सही झाली आणि शाळेतली सर्वांत गोंगाटाची तुकडी वाट्याला आली, म्हणजे तुम्ही शिक्षक झालात. अभिनंदन. बी.एड.ला पाठाचं टाचण कसं काढावं हे शिकवलं असेल. या नोकरीत रोज करावं लागणारं काम मात्र तिथे कुणी शिकवत नाही. ते काम म्हणजे दुसऱ्याचं उचलणं. धडा दुसऱ्याचा, कविता दुसऱ्याची, पीपीटीतलं चित्र कुणा अनोळखी माणसाचं आणि घटक चाचणीचे प्रश्न गाईडमधले. यात लाजण्यासारखं काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलंय आणि कायद्यालाही ते ठाऊक आहे. अडचण वेगळीच आहे. जिथे कायदा पाठीशी उभा आहे तिथे गुरुजी घाबरतात, आणि जिथे घाबरायला हवं तिथे स्वतःचं नाव ठळक टायपात छापतात. ही वाटणी सुधारावी म्हणून पुढील धडे.

धडा पहिला : झेरॉक्सच्या दुकानात

वर्गातल्या चाळीस मुलांसाठी एका कथेची चार पानं काढायची आहेत. प्रचलित पद्धत अशी : दुकानात इकडेतिकडे पाहत शिरावं, पुस्तकाचं मुखपृष्ठ छातीशी धरावं आणि कुणी ओळखीचं भेटलंच तर 'परिपत्रक आहे' म्हणावं. एवढ्या कष्टांची गरज नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं ५२ वं कलम म्हणजे लेखकाला न विचारता काय काय करता येतं याची लांबलचक यादी. त्या यादीतली एक नोंद खास तुमच्यासाठी आहे : शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने प्रत काढली, तर तो हक्कभंग होत नाही. किती पानं, किती टक्के, असा आकडा त्यात कुठेही नाही.

आकडा नाही म्हटल्यावर प्रकाशकांना तो हवासा वाटणारच. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. कुणावर? दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर, आणि सोबत दिल्ली विद्यापीठावर. अभ्यासाला नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून तिथे 'कोर्सपॅक' विकले जात, ही तक्रार होती. गंमत अशी की ज्यांच्या पुस्तकांची पानं झेरॉक्स होत होती, त्यांतल्याच बऱ्याच लेखकांना हा दावा पटला नाही. अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना पत्र लिहिलं.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. निकालपत्रात त्यांनी स्वतःच्या विद्यार्थिदशेची आठवण काढली आहे. तेव्हा ग्रंथालयात बसून पानंच्या पानं हाताने उतरवून घ्यायची रीत होती. हाताने उतरवलेलं चालत होतं, तर तेच यंत्राने उतरवल्यावर गुन्हा कसा होईल, असा त्यांचा एकूण रोख. त्याच डिसेंबरात खंडपीठाने आणखी नेमकं सांगितलं. शिकवण्याच्या हेतूला जेवढं आवश्यक तेवढं घ्यावं, हीच मर्यादा. आणि शिकवण्याचा ओघ घंटेबरोबर सुरू होऊन घंटेबरोबर संपत नाही. नेमलेली पानं खरोखर आवश्यक होती का, एवढा मुद्दा त्यांनी तपासासाठी खाली पाठवला. तो तपास झालाच नाही, कारण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

तेव्हा दुकानात ताठ मानेने शिरा. 'आवश्यक तेवढं' हे दोन शब्द मात्र खिशात असू द्या. बाजारात सहज मिळणारं अख्खं पुस्तक स्कॅन करून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, तर एक धडा शिकवायला सगळं पुस्तक का लागलं हे उद्या सांगता यायला हवं. 'कुणी विकत घेत नाही हो' हे त्याचं उत्तर नव्हे.

सगळं पुस्तक घ्यायची मुभा एका ठिकाणी आहे, आणि तिच्याबद्दल स्टाफरूममध्ये कुणीच बोलत नाही. वर्गातल्या मुलाला दिसत नसेल, किंवा दुसऱ्या एखाद्या अपंगत्वामुळे छापील पुस्तक वापरता येत नसेल, तर त्याच्यासाठी ते पूर्ण पुस्तक ब्रेलमध्ये, मोठ्या अक्षरांत किंवा आवाजात उतरवता येतं. नफा कमवायचा नाही, एवढं पाळायचं. २०१२ च्या दुरुस्तीने हे आलं. ही सवलत मात्र भरभरून वापरा.

धडा दुसरा : अमेरिकन आकडे

'दहा टक्के घेतलं तर चालतं', 'गाण्याचे तीस सेकंद फुकट असतात' ही वाक्यं तुम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येतील. सांगणारा साधनव्यक्ती असेल, तर स्लाइडही असेल. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात 'फेअर यूज' आहे. तिथलं न्यायालय हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरचा परिणाम हे चार मुद्दे तपासतं. त्याच सुमारास तिकडच्या शिक्षकांच्या आणि प्रकाशकांच्या संघटनांनी मिळून काही मार्गदर्शक मर्यादाही ठरवल्या होत्या, उदाहरणार्थ कवितेचे २५० शब्द. आपल्याकडे 'फेअर डीलिंग' आहे आणि ती ५२ व्या कलमाची यादी आहे. अमेरिकेतला आकडा इथे दाखवणं म्हणजे वडापावच्या गाडीवर डॉलर काढण्यासारखं. गाडीवाला नोट उलटसुलट करून पाहील आणि सुट्टे मागेल.

धडा तिसरा : कोण कधी गेलं

लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून पुढची ६० वर्षं हक्क टिकतो. आधी तो ५० च वर्षं होता. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, म्हणजे १९९१ संपताना त्यांचं लेखन मोकळं होणार होतं. ते होऊ नये म्हणून सरकारने ५० चे ६० केले. त्या पंगतीत मराठी लेखकांच्या वारसांनाही दहा वर्षं वाढली गेली.

यामुळे मराठीच्या शिक्षकाला पुण्यतिथ्या पाठ असणं फार उपयोगाचं. केशवसुत, बालकवी, गडकरी यांच्याबाबत निश्चिंत राहा. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' हे पुस्तक २०११ पासून सर्वांचं आहे. त्यावर १९५३ साली चित्रपट काढणारे आचार्य अत्रे मात्र १९६९ साली गेले, तेव्हा अत्र्यांचं लेखन २०२९ संपेपर्यंत बांधलेलं आहे. आई मोकळी, पटकथा बंदिस्त. मर्ढेकर २०१७ पासून मोकळे. बहिणाबाईंचा हिशेब थोडा निराळा आहे : त्या १९५१ साली गेल्या आणि गाणी पुस्तकरूपात आली १९५२ साली. मरणोत्तर छापलेल्या कृतीची वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून त्यांची गाणी २०१३ पासून मोकळी. कुसुमाग्रज २०५९ अखेर, पुलं २०६० अखेर. या दोघांचं काही हवं असेल तर तुमच्या निवृत्तीनंतर बघा.

ज्ञानेश्वरी अर्थातच सर्वांची आहे. तिच्यावर गेल्या पाच-दहा वर्षांत कुणी लिहिलेला सार्थ अनुवाद आणि टिपा मात्र त्या लिहिणाऱ्याच्या.

धडा चौथा : कॉपीमुक्त परीक्षा

बोर्डाच्या परीक्षेत कॉपीमुक्त अभियान असतं, भरारी पथक असतं, खिडकीबाहेर पोलीस असतो. शाळेच्या सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र गाईडमधून जशीच्या तशी उचललेली असते, क्वचित गाईडच्या छपाईतल्या चुकांसकट. कॉपीराइट कायदा याकडे फार सौम्यपणे बघतो. परीक्षेतल्या प्रश्नात दुसऱ्याची कृती वापरली, तर चालतं. आणि अशा प्रश्नाच्या उत्तरात वापरली, तरीही चालतं. म्हणजे बाकाखाली गाईड धरून उत्तर उतरवणारा मुलगा कॉपीराइट कायद्यापुरता निर्दोष आहे. बोर्डाचे नियम त्याला पकडतील ते पकडोत. त्याला ही माहिती परीक्षेआधी देऊ नका.

धडा पाचवा : स्नेहसंमेलन

पाहणाऱ्यांत शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामकाजाशी संबंधित मंडळी एवढीच असतील, तर मुलांनी नाटक करावं, गाणी म्हणावीत, रेकॉर्डवर नाचावं. त्याला परवानगी लागत नाही. प्रमुख पाहुणे म्हणून आलेले नगरसेवक संस्थेच्या कामकाजाशी संबंधित आहेत का, असा प्रश्न विचारू नये. ते प्रत्येक संस्थेच्या कामकाजाशी संबंधित असतात.

तेच नाटक तिकीट लावून गावासमोर केलं, तर लेखकाला विचारायला हवं आणि मानधनही द्यायला हवं. स्पर्धेला नेणार असाल, तर लेखकाचं पत्र आधी मिळवा. आणि संमेलनाचं चित्रीकरण यूट्यूबवर चढवलंत की प्रेक्षक सगळं जग झालं. त्या क्षणी कलमाची सावली सरते. दुसऱ्या दिवशी कोळीनृत्याचा आवाज गायब होतो आणि पडद्यावर तिसरी 'ब' मुकाट्याने वल्ही मारत राहते. पालक फोन करून मोबाइल बिघडला का विचारतात.

धडा सहावा : पुस्तक काढणे

इथे सावकाश वाचा, कारण आतापर्यंत घाबरणारे गुरुजी इथे एकदम शूर होतात. दहा वर्षं नोकरी झाली की प्रत्येक शिक्षकाला एक पुस्तिका काढावीशी वाटते : निबंधसंग्रह, प्रार्थनासंग्रह, परिपाठाच्या कथा. निबंध तीन गाईडांतून घ्यावेत. कथा आलेल्या फॉरवर्डांतून घ्याव्यात आणि खालचं मूळ लेखकाचं नाव असल्यास आधी काढावं, कारण मांडणी बिघडते. चित्रांखाली 'सौजन्य : गूगल' लिहावं. ज्या लेखाचा लेखक माहीत नाही तो पुलंच्या नावावर टाकावा. मुखपृष्ठावर 'संकलन' असं बारीक अक्षरात छापून त्याखाली स्वतःचं नाव, पदव्या आणि आदर्श शिक्षक पुरस्काराचं वर्ष द्यावं. मग केंद्रातल्या प्रत्येक शाळेला दहा प्रती घ्यायला लावाव्यात. प्रस्तावना शिक्षणाधिकाऱ्यांची असेल, तर प्रती लवकर खपतात.

या एका पुस्तिकेत किती मोडतोड होते ते बघा. गूगल कुणाचंही चित्र काढत नाही, ते फक्त सापडवतं. सौजन्य त्याचं नसतं. कोपऱ्यात हक्काची खूण नाही म्हणजे हक्क नाही, हेही खरं नाही. लिहिताक्षणी हक्क तयार होतो, नोंदणी लागत नाही. लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क तर लेखकाने बाकीचे सगळे हक्क विकले तरी त्याच्याकडे राहतो, आणि नाव खोडणं हा त्याच हक्काचा भंग आहे. पाठ्यपुस्तकातला उतारा घेतलात, तर बालभारतीने पुस्तकाच्या सुरुवातीलाच संचालकांच्या लेखी परवानगीची अट छापलेली असते. ते पान आपण पुस्तक मिळाल्या दिवसापासून उलटत आलो आहोत. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात हे खरं, पण ती वाचायला मिळतात. त्यातल्या कविता विकायचा परवाना त्यात नाही.

शिकवण्यासाठी संग्रह काढायची वाट कायद्याने ठेवली आहे, फक्त ती अरुंद आहे. संग्रहातला बहुतेक मजकूर हक्कमुक्त हवा, पुस्तकाच्या नावातच ते शिक्षणासाठी असल्याचं सांगायला हवं, हक्क असलेल्या कृतींतून छोटे उतारेच घ्यावेत, त्या कृती मुळात शिकवण्यासाठी छापलेल्या नसाव्यात, आणि एका लेखकाचे दोनपेक्षा जास्त उतारे एका प्रकाशकाने पाच वर्षांत छापू नयेत. एवढं सगळं पाळणारी प्रार्थनासंग्रहाची प्रत अजून माझ्या पाहण्यात आलेली नाही. न पाळण्याची किंमत ६३ व्या कलमात आहे : सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल, तर न्यायालय सौम्य होऊ शकतं. म्हणून किमतीच्या जागी 'स्वागत मूल्य' छापायची पद्धत असावी. तिने कायदा फसत नाही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे.

धडा सातवा : तुमच्या स्वतःच्या नोट्स

नोकरीचा भाग म्हणून नोकरदाराने जे लिहिलं, त्याचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे रात्री जागून तुम्ही शाळेसाठी केलेल्या स्वाध्यायपुस्तिकेवर संस्थाचालक हक्क सांगू शकतात. त्यांना हे कलम अजून सापडलेलं नाही. आपण होऊन दाखवायला जाऊ नका.

शेवटची सूचना. हे सगळं वाचून एखाद्या उत्साही सरांना ५२ वं कलम पुस्तिकारूपाने छापून तालुक्यात वाटावंसं वाटेल. खुशाल वाटा, त्याचीही तरतूद त्याच कलमात आहे. मात्र अट अशी की नुसता कायदा छापायचा नाही. सोबत त्यावरचं भाष्य किंवा दुसरा काही नवा मजकूर हवा. तेवढी चार वाक्यं, सर, कृपया स्वतः लिहा.