सुधारणेस वाव

पूर्वीचं प्रगतिपुस्तक वाचायला अर्धं मिनिट पुरायचं. एकूण गुण, शेकडा प्रमाण, नंबर आणि खाली वर्गशिक्षकांचा शेरा. शेरे साधारण तीनच: उत्तम, ठीक आणि ‘अभ्यासाकडे लक्ष द्यावे’. तिसरा शेरा ज्या घरी पोचायचा, तिथे लक्ष नेमकं कसं द्यायचं हे वडिलांना समजावून सांगावं लागत नसे. गणिताच्या गुणांखाली तांबडी रेघ असली, तर शेऱ्याचीही गरज नव्हती.

आता प्रगतिपत्रक उघडलं की आईबाप आधी एकमेकांकडे बघतात आणि मग माझ्याकडे येतात. मी शाळेच्या ऑफिसात कारकून होते, त्यामुळे शिक्षणातलं सगळं मला कळतं असा आमच्या सोसायटीचा समज आहे. तो खोडून काढावा असं मला कधी वाटलं नाही. “काकू, जरा हे बघता का?” म्हणत कुणी ना कुणी दारात उभं असतं. निकालाच्या दिवसांत तर आमच्याकडे चहापूड लवकर संपते.

गोंधळाला सुरुवात ऑफिसच्या खिडकीपासूनच होते. “मुलाचा पेन नंबर द्या,” असं आतून आलं की आई पर्समध्ये पेन शोधू लागते. हा म्हणजे परमनंट एज्युकेशन नंबर; यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदीत प्रत्येक विद्यार्थ्याला मिळतो आणि शाळा बदलली तरी तोच राहतो. त्याच्या मागोमाग बारा अंकी अपार आयडी आला. आमच्या वेळी जनरल रजिस्टरमधला एक नंबर माणसाला जन्मभर पुरायचा.

नंबरांचं एक बरं असतं, ते नुसते उतरवून घ्यायचे. डोकं फिरतं ते ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ने. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्याबरोबर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि ही जोडी घरोघर पोचली. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, आपल्या जुन्या ओळखीची. आकारिक म्हणजे सत्रभर चालणारी पाहणी: तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय. पहिली-दुसरीत आकारिकाला ७० टक्के वजन आणि संकलिताला ३०. सातवी-आठवीत ते ४० आणि ६० होतं. मूल लहान, तोवर परीक्षेपेक्षा रोजचं काम मोठं. यात मला तरी शहाणपण दिसतं. हा भेद मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडला आणि रॉबर्ट स्टेक यांनी तो सूपचं उदाहरण देऊन समजावला. मी सूपच्या जागी आमटी घेते. चुलीवर असताना चव घेतली तर मीठ घालता येतं, पानात वाढल्यावर नुसती चर्चा होते.

हे सगळं ऐकून घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या एका वडिलांनी विचारलं, “म्हणजे प्रकल्पालाही गुण असतात?” म्हटलं, असतात की. “मग मला किती पडले?” ज्वालामुखी त्यांनी केला होता, रात्री साडेअकरापर्यंत जागून.

श्रेणींची गंमत आणखी निराळी. अ-१ म्हणजे ९१ ते १००, अ-२ म्हणजे ८१ ते ९०, ब-१ म्हणजे ७१ ते ८०, असं उतरत ड म्हणजे ३३ ते ४०. एकेका गुणावरून मुलांची तुलना होऊ नये, म्हणून ८१ आणि ८९ यांना एकाच घरात बसवलं. पण आजोबा लोकांनी तो तक्ता पाकिटात ठेवला आहे आणि पालकसभा संपल्यावर बाईंना हळूच गाठून ते विचारतात, “अ-२ कळलं हो, पण नक्की किती?” ‘ड’पाशी तर दोन पिढ्या अडतात. पस्तीस हा आपला काठ. दहावीला सगळ्या विषयांत पस्तीस पडलेल्या मुलाचा फोटो पेपरात येतो. तेहेतिसाला तो मान कुठून मिळणार?

आणि आठवीपर्यंत मिटवलेला एकेका गुणाचा फरक बारावीनंतरची सीईटी व्याजासकट वसूल करते. तिथे पर्सेंटाइल, तोही दशांशचिन्हापुढे सात अंकांपर्यंत. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभर मुलांतल्या नव्वदांना आपल्या मुलाइतके किंवा त्याहून कमी गुण आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पेपर अवघड गेला असेल तर साठ टक्के गुणांवरही तो मिळू शकतो. हे मी एका घरी सांगितलं तेव्हा पेढ्यांचं ताट क्षणभर जागीच थांबलं. मग मुलाची आत्या म्हणाली, “असू दे, नव्वद ते नव्वदच,” आणि ताट पुढे सरकलं. मला वाटतं, तिचंही चुकलं नाही.

माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे वर्णनात्मक नोंदी. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक, अशा रकान्यांत शिक्षकांनी प्रत्येक मुलाबद्दल लिहायचं. वर्गात चाळीस मुलं, वर्षाला दोन सत्रं; कितीही कल्पक माणूस असला तरी विसाव्या मुलापाशी विशेषणं संपतात. म्हणून तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या आणि पुढे त्यांच्या पीडीएफ फिरू लागल्या. सगळ्या नोंदी सभ्य, कुणाला न दुखावणाऱ्या. त्या वाचायची एक रीत आहे. ‘आपले विचार मनमोकळेपणाने मांडतो’: तास चालू असताना बोलतो. ‘परिसरातील घडामोडींचे बारकाईने निरीक्षण करतो’: खिडकीजवळ बसतो. ‘नेतृत्वगुण दिसून येतात’: एकटा कधी सापडत नाही. ‘सुधारणेस वाव आहे’ याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा. माझ्या पाहण्यात तो वाव तळमजल्यापासून गच्चीपर्यंत कितीही असू शकतो.

या सगळ्या गर्दीत खरा उपयोगाचा शब्द दिसायला सगळ्यात जड आहे: अध्ययन निष्पत्ती. मुलाला काय शिकवलं ते नव्हे, शिकून त्याला काय करता येऊ लागलं ते. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यातली उद्दिष्टं याच जातीची आहेत. तिसरी संपताना मुलाने मिनिटाला निदान साठ शब्द समजून वाचावेत, ९९९९ पर्यंतच्या संख्या त्याला वाचता-लिहिता याव्यात. हे वाचून आमच्याकडच्या एका बाबांनी मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. लेकीने एका दमात साठ शब्द पार केले. “शाबास! आता सांग, गोष्टीत काय झालं?” ती धापा टाकत म्हणाली, “तेपण बघायचं होतं?”

म्हणून मी पालकांना सांगते, पालकसभेत श्रेणी विचारू नका, टक्के विचारू नका. “याला काय येतं आणि कुठे अडतं?” एवढंच विचारा. मग बाई हातातला कागद खाली ठेवतात आणि सरळ बोलायला लागतात. “वाचतो छान. हातच्याच्या वजाबाकीत अडतो. मोठ्या संख्येतून लहान काढायची सोडून सोयीचा अंक काढतो.” यातलं एक वाक्यही कुठल्या रकान्यात सापडणार नाही, आणि घरी जाऊन काय करायचं ते बापाला तिथल्या तिथे कळतं.

आता समग्र प्रगतिपत्रक आलं आहे, २०२० च्या शैक्षणिक धोरणातलं. ‘परख’ या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राने पायाभूत स्तरासाठी केलेल्या नमुन्यात गुण नाहीत, अ-ब-क-डही नाही. मूल कुठल्या टप्प्यावर आहे ते झरा, पर्वत आणि आकाश या चित्रांनी दाखवायचं. मला ते गोड वाटलं. शेजारच्या आजींनी मात्र चष्मा पुसून विचारलं, “पर्वत म्हणजे पास ना?” म्हटलं, आजी, पास-नापास नाही यात. “बरं, मग शेजारच्या पोरीला काय मिळालं?”

या पत्रकात मूल स्वतःबद्दल सांगतं, सवंगडी त्याच्याबद्दल सांगतात आणि पालकांनाही त्यांचं म्हणणं नोंदवायचं असतं. इतकी वर्षं फक्त सही करून मोकळे होणारे लोक आता आपल्याच मुलाबद्दल दोन ओळी लिहायच्या म्हणून पेन चावत बसले आहेत. परवा रात्री पालकांच्या ग्रुपवर एका आईने विचारलं, “कुणाकडे पालकांच्या तयार नोंदी आहेत का?” दहा मिनिटांत पीडीएफ आली.