फाइव्ह नाइन, बावीस आणि बास

नगरच्या माणसाला दोन वाक्यांत बोलणं संपवायला सांगणं हा खरं तर अन्यायच. आपल्याकडे लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणासुद्धा पाऊस, कांद्याचा भाव आणि कारखान्याची निवडणूक उरकल्याशिवाय मुहूर्तावर येत नाही. पण हौशी रेडिओच्या स्पर्धेत उतरायचं तर एका माणसाशी पाच सेकंदांत बोलून मोकळं व्हावं लागतं. सबब जिल्ह्यातील समस्त परवानाधारक हॅम मंडळींसाठी हे मार्गदर्शन. घरच्यांनीही वाचून ठेवावं, त्रास त्यांनाच होणार आहे.

स्पर्धांमधली मोठी म्हणजे सीक्यू वर्ल्ड वाइड. ऑक्टोबरचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार बोलणाऱ्यांचा, नोव्हेंबरचा मोर्सवाल्यांचा. आपल्या घड्याळाने शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू, सोमवारी पहाटे साडेपाचला बंद. नोंदी मात्र जागतिक वेळेत ठेवायच्या. भिंतीवरच्या घड्याळावर विसंबून राहिलात तर सगळे संपर्क साडेपाच तासांनी चुकतील. ऑक्टोबरच्या शेवटी भारतात अनेकदा दिवाळी असते, हे आयोजकांना कोणी कळवलेलं दिसत नाही. 2019 साली तर स्पर्धेचा रविवार आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले, 27 ऑक्टोबरला. अशा वर्षी ऐन पूजेच्या वेळी 20 मीटरच्या पट्ट्यावर युरोप कानात घुमत असतो. तरी पूजेला बसावं. युरोप रात्री 40 मीटरवर पुन्हा भेटतो. घरचे पुन्हा त्याच आवाजात बोलतील याची खात्री नसते.

दिवाळीचा दुसरा उपद्रव विजेच्या माळांचा. समोरच्या गॅलरीत स्वस्तातली माळ लागली की रिसीव्हरची सुई जागेवरून हलत नाही आणि कानात नुसती खरखर. शेजाऱ्याकडे जाऊन ‘तुमच्या माळेमुळे मला फिनलंड ऐकू येत नाही’ असं म्हणू नये, तो काळजीत पडेल. फराळाचं ताट घेऊन जावं, चिवड्याचं कौतुक ऐकावं आणि निघता निघता ‘झोपताना माळ बंद करत जा, बिल वाचेल’ एवढंच सुचवावं. गच्चीवरच्या डायपोल अँटेनावर कोणी गोधडी वाळत घातली असेल तर ती मात्र शनिवार उजाडायच्या आधीच काढून ठेवावी. 40 मीटरसाठी वीसेक मीटर तार लागते. एवढी आयती दोरी बघून मोह होणारच.

आता शिष्टाचार. आधी ऐका. फ्रिक्वेन्सी मोकळी वाटली म्हणून मोकळी असतेच असं नाही. बोलणाऱ्या दोघांपैकी एक तुमच्या टप्प्याबाहेर असेल आणि दुसरा नेमका ऐकत असेल. म्हणून ‘इज द फ्रिक्वेन्सी इन यूज?’ असं दोनदा विचारावं, मोर्सवर नुसतं ‘क्यूआरएल?’. शनि शिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत, म्हणून कोणी सरळ चुलीपाशी जात नाही. बाहेरून हाक मारतोच. इथेही तसंच. ‘मी गेली कित्येक वर्षं रविवारी सकाळी इथेच बसतो’ हा दावा मात्र चालत नाही, फ्रिक्वेन्सीचा सातबारा निघत नाही. 14.100 मेगाहर्ट्झवर जगभरचे बीकन पाळीपाळीने वाजतात, तिथे तोंड उघडू नये. आणि ज्यांना स्पर्धेचाच वैताग आहे त्यांच्यासाठी 30, 17 आणि 12 मीटर हे पट्टे स्पर्धामुक्त ठेवलेले आहेत.

संपर्कात सांगायचं काय? ‘फाइव्ह नाइन, टू टू.’ फाइव्ह नाइन म्हणजे तुमचा आवाज स्वच्छ आणि दणदणीत येतोय. ज्याचं नाव तीनदा विचारूनही कळलं नाही, त्यालाही हाच दाखला द्यायचा. मोर्सवाले तर तेवढेही कष्ट घेत नाहीत, 599 ऐवजी ‘फाइव्ह एन एन’ वाजवून पुढे जातात. सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’ ऐकलेल्यांना यात नवल वाटू नये. टू टू म्हणजे बावीस, भारताचा झोन. अहमदनगर म्हणायचं, अहिल्यानगर म्हणायचं की नुसतं नगर, हा वाद इथे आपोआप मिटतो. पारनेर असो की पाथर्डी, सगळं बावीस.

अवघड प्रसंग येतो तो ओळखीच्या माणसाचा. ऐन गर्दीत संगमनेरहून आवाज येतो, “दादा, ओळखलं का? परवा येतोय नगरला, आहात ना घरी?” पलीकडे जर्मन, इटालियन, पोलिश असे पन्नास जण ताटकळलेले. दुसऱ्या खंडातल्या प्रत्येक संपर्काला तीन गुण, जपानसारख्या आशियातल्या दुसऱ्या देशाला एक, आणि भारतातून भारतात शून्य. एका पट्ट्यावर भेटलेला पहिला भारतीय गुणक म्हणून कामाला येतो; दुसऱ्यापासून पुढे नुसते आशीर्वाद. तरीही फाइव्ह नाइन टू टू द्यावं, ‘थँक यू’ म्हणावं आणि पुढच्याला घ्यावं. तो रुसेल. सोमवारी आपण होऊन फोन करावा, चहाला बोलवावं.

भारतातून बोलणारे थोडे असल्यामुळे व्हिक्टर युनिफॉर्म, म्हणजे भारतीय कॉलची पहिली दोन अक्षरं, ऐकू आलं की युरोप तुटून पडतो. याला पाइल-अप म्हणतात. यात हरखून जाऊ नये. एकाची अर्धी अक्षरं कळली की त्यालाच धरावं; मध्ये दुसरा कितीही जोरात ओरडला तरी त्याला घेऊ नये, एकदा घेतलं की सगळेच ओरडायला शिकतात. आपला कॉल दर दोन-तीन संपर्कांनंतर पुरा सांगावा. तुम्ही स्वतः गर्दीत उभे असाल तर शेवटची दोन अक्षरं किंचाळण्यापेक्षा पूर्ण कॉल एकदा सांगून गप्प बसावं. गप्प बसणं नियमपुस्तकात नाही, पण सगळ्यात जास्त संपर्क त्यानेच मिळतात. एखादा दुसऱ्यांदा आला तर ‘तुम्ही झालात’ म्हणून वाद घालू नये, पुन्हा नोंदवावं. डुप्लिकेटला दंड नाही, वादात वेळ जातो.

या स्पर्धेपलीकडे व्हीएचएफची हौस असलेले अकोले तालुक्यात कळसूबाईवर चढतात. 1646 मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर, हातातल्या पाच वॅटच्या सेटलाही तिथे दूरवरची उत्तरं येतात. अँटेनाचा खांब लोखंडी शिड्यांच्या कठड्याला बांधू नये, देवळाच्या कळसाकडे तर बघूही नये. आणि बारी गावातून वर येणाऱ्या प्रत्येकाला ‘हा वॉकीटॉकी नाही’ हे समजावण्याची तयारी ठेवावी.

राहिली स्पर्धेची नोंदवही. सोमवारी सकाळी झोप काढून ती उघडावी, पण संशयास्पद कॉल इंटरनेटवर शोधून दुरुस्त करू नयेत. स्पर्धा संपल्यावर अशी दुरुस्ती नियमाने बंद आहे. चुकीच्या कॉलचा संपर्क तर जातोच, वर त्याच्या दुप्पट गुण कापले जातात. म्हणजे अंदाजाने लिहिण्यापेक्षा पुन्हा विचारणं स्वस्त पडतं. नोंदी पाठवायला पाच दिवस मिळतात. दोन हजार संपर्क असोत की वीस, पाठवाच. तुमच्या वीस ओळींवरून दुसऱ्या वीस जणांच्या नोंदी तपासल्या जातात, आणि त्यात तो संगमनेरवालाही असेल.