बावखल गिळणाऱ्या शेजाऱ्यास खुले पत्र

भाऊ,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात रेटत नाही, म्हणून शेजारधर्मापुरता नुसता नमस्कार. हे पत्र पाकिटात घालून तुमच्या दाराखालून सरकवता आले असते. मुद्दाम उघड्यावर लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलेत तेही उघड्यावरच केलेत. डंपर भरदिवसा आले, सगळ्या आळीने पाहिले आणि कोणी तोंड उघडले नाही. तुमचे नाव मात्र लिहिणार नाही. नाव लिहिले तर आगाशीपासून गिरीजपर्यंत तुमचे जे जोडीदार हाच उद्योग करताहेत, त्यांना वाटेल की हे पत्र आपल्यासाठी नाही.

मागच्या दारचे बावखल तुम्ही बुजवलेत. पाडलेल्या कुठल्यातरी इमारतीच्या विटा, फुटक्या लाद्या, वाकलेल्या सळ्या आत गेल्या. वर लाल मातीचा थर, त्यावर पेव्हर ब्लॉक. आता तिथे गाडी उभी असते. अगस्तींनी समुद्र प्यायला तो देवांच्या कामासाठी. तुम्ही बावखल गिळलेत ते पार्किंगसाठी. आणि एवढे करून फाटकावरची ‘पाणी हेच जीवन’ ही पाटी तुम्ही तशीच ठेवली आहे. ती तेवढी आजच उतरवा. जाता-येता वाचवत नाही.

वसईबाहेर हे पत्र कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी सांगते. बावखल म्हणजे वाडीत खणलेले लहानसे तळे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या बागायतदारांनी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळून ती खणली. पावसात ती तुडुंब भरतात आणि पुढे त्या पाण्यावर केळी, पानवेल, भाजी, मोगरा, सोनचाफा वाढतो. पूर्वी काठावर रहाट असे. बैल किंवा रेडा गोल फिरे आणि मडक्यांची माळ पाणी उपसून पाटात ओतत राही. मग डिझेलचे इंजिन आले, मग विजेची मोटर. उपसायचे साधन बदलले, पण पाणी तिथलेच राहिले आणि झाडांनी पिऊन उरलेले झिरपून पुन्हा तिथेच जात राहिले.

तुम्ही म्हणाला होतात, “आता शेती कोण करतो? बावखलाचा उपयोग काय?” उपयोग सांगते, आणि तुम्हाला कळेल अशा रुपया-पैशांच्या भाषेत सांगते.

आपली वसई कुठे बसली आहे ते आधी बघा. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. तीन बाजूंनी खारे पाणी असताना आपल्या विहिरी गोड कशा राहिल्या? जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असते, म्हणून ते त्याच्या वर तरंगते. भूजलाचा ठोकताळा असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 मीटर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडे पाणी असते. वरची पातळी अर्धा मीटर उतरली, की खालचे खारे पाणी हळूहळू 20 मीटर वर सरकते. ही वरची पातळी धरून ठेवायला आपल्याकडे होती बावखले. एक गुंठ्याचे बावखल घ्या, त्यात 2 मीटर पाणी धरा. झाले 2 लाख लिटर. 10 हजार लिटरच्या टँकरने मोजाल तर 20 टँकर. आणि हे नुसते एका वेळचे. पावसाळाभर ते मुरत असते आणि पुन्हा भरत असते. याचे बिल कुणीही, कधीही पाठवले नव्हते.

बावखल तुम्ही तुमचे बुजवलेत, विहीर मचूळ झाली ती आमची.

मचूळ पाण्याने घर कसे खर्चात पडते ते स्वयंपाकघरात उभे राहणाऱ्या बाईला विचारा. डाळ लवकर शिजत नाही, कुकरच्या शिट्ट्या वाढतात, म्हणजे गॅस वाढतो. साबणाला फेस येत नाही, म्हणजे पावडर वाढते. कपडे कडक होतात, नळाच्या तोट्यांवर पांढरी पुटे चढतात, गिझरची कॉइल क्षार धरून जळते. मग भिंतीवर आरओचे यंत्र लागते. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन ते तीन लिटर मोरीत सोडून देतो, आणि सोडलेले पाणी आधीपेक्षा खारट असते, केळीच्या बुंध्यात ओतायच्याही लायकीचे राहत नाही. यंत्र बिघडले की वीस लिटरचा जार. जार पुरेना की टँकर. टँकर कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून ड्रम. ज्या घरात पाण्यासाठी दोर आणि कळशी एवढाच खर्च होता, तिथे महिन्याच्या यादीत वाण्याच्या आधी पाणी येऊन बसले आहे. काटकसर म्हणजे काय ते आमच्या सासूबाईंना कुणी शिकवले नव्हते. घराची रचनाच तशी होती. मोरीचे पाणी अळूला आणि केळीला जाई, केळीचे पान ताटाखाली येई, जेवण झाले की पान गुरांपुढे किंवा खताच्या खड्ड्यात. कचरा म्हणून घराबाहेर फेकावे असे फारसे काही निघतच नसे. त्या सगळ्याच्या मुळाशी पाणी होते. तेच तुम्ही उपटलेत.

सुकेळीचेच बघा. आगाशीच्या सुकेळ्या तुम्ही लहानपणापासून खाल्ल्या आहेत. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची आणि केळीच्याच वाळक्या पानात बांधायची. वीज नाही, फ्रिज नाही, प्लास्टिक नाही, आणि पदार्थ टिकाऊ. 2018 साली महाराष्ट्राने प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्मोकोलची ताटे बंद केली तेव्हा आपण वसईकरांनी सगळ्या राज्याला शहाणपण शिकवायला हवे होते. त्याऐवजी आपल्याच लग्नांत आज कागदी म्हणून विकली जाणारी, आतून प्लास्टिक फासलेली ताटे येतात, कारण पंगतीला पुरतील इतकी पाने द्यायला वाडी उरली नाही. राजेळीला भरपूर गोडे पाणी लागते. ती पेव्हर ब्लॉकवर येत नाही.

तुम्ही डासांचेही कारण पुढे केलेत. बावखलात डास होतात, मुलांना ताप येतो. खरे आहे, घाण साचलेल्या तळ्यात होतात. त्यात गप्पी मासे सोडायचे असतात. ते अळ्या खातात. डेंग्यूचा डास मात्र घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि ते साठवणीचे ड्रम आळीत कुणामुळे आले ते मी वर लिहिलेच आहे. मूल पडेल ही भीती मला समजते. त्याला कुंपण घालतात, दगडमातीचा भराव घालत नाहीत.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे आणि ती मी नाकारत नाही. वाडीत पोट भरत नाही. पहाटेच्या लोकलने भाजी आणि फुले दादरला नेणाऱ्या बाया कमी होत गेल्या त्याला हेच कारण आहे. दोन मुलांना दोन घरे हवीत आणि जमीन तेवढीच आहे. घर बांधायला जागा नव्हती म्हणून तुम्ही बावखलाचा कोपरा घेतला असतात तर मी हे पत्र लिहिले नसते. पण घर तुमचे आधीच झाले होते. बुजवलेत ते गाडीसाठी, आणि पुढे-मागे त्या जागेवर भाड्याच्या खोल्या काढता येतील म्हणून. सुट्टीत मात्र तुम्ही कोकणातल्या होमस्टेला पैसे मोजून तळ्याकाठी बसता आणि फोटो पाठवता. भाऊ, तळे तुमच्या दारात होते. फुकट होते.

आता तुमच्या घरात नळ आहे, त्याचे पाणी कुठून येते हे विचारलेत कधी? सूर्या नदीवरून येते. सूर्या प्रकल्प मुळात जिल्ह्यातल्या आदिवासी पट्ट्याच्या सिंचनासाठी उभा राहिला. पुढे एमएमआरडीएची 403 दशलक्ष लिटरची योजना आली, त्यातले रोज 185 दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि 218 दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी. शेतीचे पाणी शहरांकडे वळवायला तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी विरोध केला. त्यांच्या भातखाचरांचे पाणी मोठाल्या जलवाहिन्यांतून आपल्याकडे यायचे आणि आपण आपले पाणी डेब्रिजखाली गाडायचे, हा न्याय मला मान्य नाही. शहरातल्या उंच इमारतींत राहणाऱ्याला दुसरा इलाज नाही. तुम्हाला होता.

आणि पाऊस? जुलै 2018 विसरलात का? नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, मिठागरांतल्या कुटुंबांना बोटीने काढावे लागले, आपल्याकडे वीज गेली ती गेलीच. नंतर महापालिकेने निरी आणि आयआयटीच्या तज्ज्ञांकडून कारणे तपासून घेतली, तेव्हा उपायांत धारण तलावांची शिफारस आली. म्हणजे पावसाचे पाणी काही काळ थोपवून धरायला मोठाली तळी. आपल्या आजोबांनी तीच गोष्ट वाडीवाडीत करून ठेवली होती. तुम्ही भरलेत त्या खड्ड्यात आता जे पाणी थांबत नाही, ते पहिल्याच मुसळधार पावसात समोरच्या चाळीतल्या माणसांच्या चुलीपर्यंत जाते. त्यांच्याकडे गाडी नाही.

कायद्याची ढाल तुमच्याजवळ आहे, हेही मला ठाऊक आहे. सातबारा तुमच्या नावावर. आणि 2017 च्या पाणथळ नियमांनी पिण्यासाठी आणि सिंचनासाठी खणलेल्या मानवनिर्मित जलाशयांना व्याख्येतूनच वगळले आहे. ज्यांनी तो नियम लिहिला त्यांनी बावखल पाहिले नसावे. पाहिले असते तर त्यांना कळले असते की माणसाने खणलेले हे तळे खाली मुरणाऱ्या पाण्याचे दार असते, आणि खालचे पाणी कुणाच्या सातबाऱ्यावर थांबत नाही. महापालिकेने निदान प्रत्येक बावखलाची नोंद करून ते बुजवायला परवानगी सक्तीची करावी, ही मागणी मी या पत्रातूनही करते.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागते ते वेगळेच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही वसई हिरवी राहावी म्हणून हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, हिंदू-ख्रिस्ती सगळे मागे होते. इमारतींसाठी आपल्या विहिरी उपसून नेणाऱ्या टँकरांविरुद्ध माणसे रस्त्यावर उतरली, दहशतीला भिऊन घरी बसली नाहीत. त्या मोर्चांत तुमच्या घरचीही माणसे होती. तेव्हा पाणी नेणारे बाहेरचे होते, त्यांना बोट दाखवता आले. 25 जुलै 2024 ला फादर गेले. आता बावखलात राबिट टाकायला बाहेरचा कोणी येत नाही. आपणच डंपरवाल्याला फोन करतो आणि गाडी आत घ्यायला वाट दाखवतो. त्या पिढीने जे बिल्डरला करू दिले नाही, ते आपण घरबसल्या केले.

भाऊ, शिव्या देण्यासाठी पत्र लिहिले नाही. शिव्या कुंपणावरूनही देता आल्या असत्या. मला बावखल परत हवे आहे.

भराव अजून वरवरचा आहे. अर्धे बावखल जरी मोकळे केलेत तरी खालचे झरे पुन्हा वाट धरतील. गाडी पुढच्या अंगणात राहू शकते. तिथे चिंचेची सावलीही आहे. आपल्या भागातल्या तरुणांनी श्रमदान करून गाळाने भरलेली बावखले मोकळी केली आहेत, त्यामुळे हे जमत नाही असे सांगू नका. घमेली, फावडी आणि माणसे आळीतून आम्ही आणू, दुपारचे जेवण माझ्याकडे. उरलेल्या अंगणातले ब्लॉक काढून माती मोकळी करा. आणि छपराचे पाणी गटारात सोडू नका: 50 चौरस मीटरच्या छपरावर 2000 मिलिमीटर पाऊस पडला तर 1 लाख लिटर होतात, ते पन्हळीतून बावखलात वळवा. तुम्हाला हिशेब आवडतो, तो पुन्हा मांडून बघा.

तुम्ही ‘हो’ म्हणालात तर हे पत्र मी स्वतः सगळ्यांसमोर मागे घेईन. ‘नाही’ म्हणालात तर महापालिकेत आणि तहसील कचेरीत आळीच्या सह्यांचा अर्ज जाईल, त्यावर पहिली सही माझी असेल.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्या वसईकरांनो, तुमच्या वाडीतले बावखल अजून शाबूत असेल तर मृगाआधी त्यातला गाळ काढा, आणि डंपरवाल्याला फाटकातूनच परत पाठवा.

आपली,
मागच्या वाडीतली शेजारीण
वसई