स्वस्त, मस्त आणि सुस्त

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि जबलपुरात एमपी-२० च्या कोऱ्या पाट्या मिरवू लागल्या. नेपियर टाऊनमधल्या आमच्या शेजारच्या भाऊंनीही एक स्वस्तातली मोटरसायकल दारात उभी केली. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, रोड टॅक्स आणि न मागितलेलं सीटकव्हर जमेस धरता शोरूमचा आकडा ही नुसती प्रस्तावना निघाली.

डिसेंबरच्या थंडीत सेल्फ दाबला की टक्-टक्, मग मौन. किक नाहीच, ती कंपनीने वाचवली. भाऊंनी उतारापर्यंत ढकलली. पण फ्युएल इंजेक्शनच्या पंपालाही बॅटरीच लागते. सर्व्हिस सेंटरचा पोरगा म्हणाला, "भैया, रोज चलाओ, बैटरी चार्ज रहेगी." चालवण्यासाठी आधी सुरू व्हावी लागते, हे कलम वॉरंटीत नसावं.

आणि हे कुठे? तर ज्या शहराच्या व्हेइकल फॅक्टरीने लष्कराला जोंगा जीप पुरवल्या, तिथे!

घ्यायचीच असेल तर किकवालं मॉडेल बघा, आणि डिलिव्हरी घेताना इंजिन गार असतानाच सुरू करून दाखवायला सांगा. पेढे त्यानंतर वाटा.